गोधडीची शेवटची ओळ

दुपारी लाइन गेली आणि तिच्यामागोमाग मयुरीच्या कळाही गेल्या.

सकाळपासून त्या नेमानं येत होत्या. वडनेरहून निघताना, गाडीत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. प्रत्येक कळेला तिनं हाताशी येईल ते घट्ट धरलं होतं. आता कमरेत काहीच नव्हतं. पोट भरलेल्या माठासारखं गप्प. कूलर थांबला, आणि त्याच्या घरघरीखाली इतका वेळ दबून राहिलेली शांतता हळूच वर आली. मे महिन्याची भर दुपार. हायवे खिडकीखालीच होता, तरी एक ट्रक जाईना.

सिस्टर वैष्णवीनं ठोके ऐकायचं यंत्र पोटावर टेकवलं. लांबून कुणी पळत यावं आणि पोचूच नये, तसा आवाज खोलीत उमटला.

"बाळ मजेत आहे, ताई," वैष्णवी म्हणाली. "फक्त येऊन नाही राह्यलं. पिशवीचं तोंड अर्धं उघडलं अन थांबलं. तुम्ही जरा चाला. डॉक्टरबाई खालचे पेशंट पाहून येतात. तोवर कळा आल्या तं ठीक, नाही तं सीझर करू म्हणतात."

"घाबरायसारखं आहे काय?"

"आता तं नाही. पण लै वाट नाही पाहणार त्या."

मयुरी भिंतीला हात लावत बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर आत्या आणि सासूबाई केसरबाई बसल्या होत्या, मधे पिशवीएवढी जागा सोडून. त्या जागेत पिशवीच ठेवली होती. प्रेरणावहिनी जमिनीवर, पाय दुमडून. बाबा खिडकीशी उभे, पाठमोरे.

"माह्या कुलदीपचा फोन आला होता," केसरबाई म्हणाल्या. "जालना सोडलं म्हणे त्यानं. येईन अंधार पडेपर्यंत. डोणगावले असती तं एव्हाना पोचला असता. मी तं आधीच म्हनलं होतं, पोरीले आमच्याकडं राहू द्या. पण तुमचं एकच, पहिलं बाळंतपण माहेरी. माय होती तं माहेर होतं, ईनबाई. आता काय भिंती बाळंतपण करतीन?"

"भिंती काऊन? मी काय मेली?" तानुबाई आत्या म्हणाली.

"तुमचं तुम्हाले होत नाही. गुडघे धरून जिना चढल्या."

"चढली नं पण."

"बाई," बाबा पाठ न वळवता बहिणीला म्हणाले, "आता नको."

दोघींनी तोंडं फिरवली. माय गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी साऱ्या पाहुण्यांदेखत आत्या याच केसरबाईंशी भांडली होती, पोरगी माहेरीच राहील म्हणून. आणि तेव्हा बाबांनी तिची बाजू घेतली होती. ते भांडण अजून संपलेलं नव्हतं. ते फक्त बाकावर येऊन बसलं होतं.

मयुरी व्हरांड्याच्या एका टोकापासून जिन्यापर्यंत चालत गेली आणि जिन्याच्या अलीकडूनच वळली. पायऱ्या उतरल्या की उजव्या हाताची पहिली खोली. मार्चमध्ये मायला तिथं ठेवलं होतं. दवाखान्यात आणण्याआधीच ती गेली होती. सकाळी ओसरीत गोधडी मांडीवर घेऊन टाके घालत होती, आणि बाबा चहा घेऊन आले तेव्हा तिचं डोकं खांबाला टेकलेलं होतं. चादरीबाहेर राहिलेल्या डाव्या हाताच्या बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं. ते काढायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी मयुरीनंच काढलं, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत.

ती परत बाकाशी आली तेव्हा आत्यानं पिशवी उघडली होती. दुपटी, टोपडं, तेलाची बाटली बाकावर काढून ठेवली होती आणि मांडीवर गोधडी पसरली होती. मायच्या दोन जुन्या पातळांची, एक जांभळं आणि एक कण्हेरीच्या फुलाच्या रंगाचं. आत्याचा हात कडेवर थांबला होता.

"हे गाठ कोनं मारली?"

प्रेरणानं मान वर केली.

"म्या काय म्हनलं? ओळ पुरी कोनं केली? प्रेरणा, तू केली काय वं?"

या घरात बाळाची गोधडी लेकीची आई शिवते. सारी शिवते, पण शेवटची ओळ मधेच सोडून सुई तशीच टोचून ठेवते. बाळ रडलं की मगच ती ओळ पुरी करायची आणि गाठ मारायची. इंद्रभानआजोबांनी छप्पन साली घरातले देव पूर्णेत सोडले, पण भिमाबाईआजीनं ही एक रीत काही सोडली नाही. हे देवाचं नाही, दोऱ्याचं आहे, असं ती म्हणायची. आधी गाठ मारली तर काय होतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आजवर कुणी मारलीच नव्हती.

"मी नाही, आत्याबाई," प्रेरणा उठून उभी राहिली. "मला शिवता येत असतं तर बरं झालं असतं. यांच्या शर्टाचं बटण मी शेजारच्या काकूंकडून लावून आणते."

"मंग गाठ काय उंदरानं मारली?"

"मी पिशवी भरली फक्त. कपाटातून काढली, घडी होती तशी ठेवली."

"तुमच्या जालन्याकडं अशी रीत नसन. तुले वाटलं, अर्धं राह्यलं, करून टाकू. चांगल्या मनानंच केलं असन. पण सांग तं खरी."

"अहो, केलंच नाही तर सांगू काय?"

"पोरीले कायले दटावता?" केसरबाई मधे पडल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या प्रेरणाच्या बाजूनं बोलल्या होत्या. "आमच्यात असलं काही नाही. आमच्या साऱ्या गोधड्या पुऱ्याच असतात, अन लेकरं झालीच नं."

"तुमच्यात नसन. आमच्यात आहे. अन कळा कोनाच्या थांबल्या? तुमच्या की आमच्या?"

केसरबाईंनी तोंड उघडलं आणि मयुरीच्या पोटाकडे पाहून मिटलं.

प्रेरणानं गोधडीची कड हातात घेतली. वाकून पाहिलं. दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि पटकन सोडून दिलं.

"काय झालं?" मयुरीनं विचारलं.

"ओलं आहे."

"काय ओलं आहे?"

"दोरा. टोक. दातानं तोडल्यासारखं आहे, आणि ओलं आहे."

"घाम असन तुह्या हाताचा," आत्या म्हणाली, पण तिनं स्वतः टोकाला हात लावला नाही.

खाली रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. या दिवसांत पिळलेलं पातळ दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. मयुरीनं खाली बसायचा प्रयत्न केला, ते जमेना, म्हणून आत्यानंच गोधडी वर धरली. शेवटच्या ओळीचा अर्धा भाग जुना होता. बाकीचा अर्धा तसाच, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच ताणानं. आणि ती ओळ डावीकडून उजवीकडे गेली होती.

माय डावखुरी होती. साऱ्या गावाच्या गोधड्या उजव्या कडेनं सुरू होऊन डावीकडे जात. मायची एकटीची उलटी जाई. तिची गाठ नेहमी उजव्या कोपऱ्यात यायची. ही गाठ उजव्या कोपऱ्यात होती.

"बाबा," मयुरी म्हणाली.

बाबा वळले. चष्मा कपाळावरून खाली ओढत आले. तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक आधी मास्तर जवळपास आहेत का ते पाहत. त्यांनी गोधडी हातात घेतली, उन्हाकडे धरली, आणि ओळीवरून दोनदा बोट फिरवलं.

"गाठीनं बाळ अडत नसते, बाई," शेवटी ते म्हणाले. सवयीनं म्हणाले.

"ते राहू दे. हे कोनाचं काम आहे ते सांग."

"ही ओळ अर्धी होती."

"ते मले बी माहीत आहे, प्रेमा," आत्या भावाला म्हणाली.

"मीच घडी घातली होती हिची. त्या दिवशी. सुई माह्या बोटाले लागली." त्यांनी अंगठा पाहिला, जणू ठिपका अजून असेल. "लोखंडी कपाटात ठेवली. चावी माह्या खिशात. काल पिशवी भरायपुरती प्रेरणाले दिली."

"आणि मी उघडलं तेव्हा सुई नव्हती, मामाजी," प्रेरणा म्हणाली. "सुई असती तर मला लागली असती."

बंद कूलरमधून पाण्याचा थेंब खाली पडला. मग आणखी एक.

"घाईचीच होती ते," आत्या हळू आवाजात म्हणाली. ती भीत नव्हती. भावजयीची जुनी तक्रार सांगावी तशी सांगत होती. "भात शिजायच्या आधी झाकण काढे. पाहुणा बसला नाही तं पाणी पुढं. काम अर्धं राह्यलं, तं आली असन पुरं कराले. तिले वाटलं असन, झालं पोर. तिकडं दिवस कोन मोजते?"

"बाई."

"बरं, नाही बोलत. पण सोडा ते गाठ. सोडा अन पोरीले मोकळी करा."

"सिस्टरकडं कैची असन," केसरबाई उठल्या. "कापून टाकू एका मिनिटात. तुमचं खरं का आमचं खरं, ते मंग पाहू."

"कापायची नाही," बाबा म्हणाले.

ते इतकं हळू म्हणाले की केसरबाई दोन पावलं पुढं जाऊन थांबल्या.

"काऊन?"

"नाही कापायची."

"मास्तर, तुम्ही तं सारा जन्म पोरायले सांगितलं, हे सारं खोटं आहे म्हणून."

"खोटंच आहे."

"मंग कापू द्या."

बाबांनी गोधडी छातीशी धरली. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा गाठीवर होता. मयुरीनं त्यांना मार्चमध्ये रडताना पाहिलं नव्हतं. स्मशानातही ते पाहुण्यांच्या परतीच्या गाड्यांची विचारपूस करत होते. आता आत्या आणि केसरबाई, सकाळपासून एकमेकींकडे न पाहणाऱ्या, खांद्याला खांदा लावून त्यांच्यासमोर उभ्या होत्या, आणि ते खिडकीच्या कोपऱ्यात सरकत होते.

"मामाजी," प्रेरणा म्हणाली, "ताईंचं बघा."

"तिच्या हातचं शेवटचं आहे हे," बाबा म्हणाले. त्यांनी ते केव्हाचं शेवटचं, मार्चमधलं की कालचं, ते सांगितलं नाही.

मयुरीनं हात पुढं केला.

"माह्याकडं द्या, बाबा. मी कापत नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग गोधडी दिली.

लेबर रूममध्ये ती कुशीवर झोपली. प्रेरणाला वैष्णवीनं सोबतीला येऊ दिलं. आत उकाडा होता आणि तरी गोधडीचा कोपरा गार होता, माठाखालच्या मातीसारखा. मयुरीनं तो नाकाशी नेला. कपाटाचा लोखंडी वास यायला हवा होता. कात आणि लवंगेचा आला. माय सुईत दोरा ओवण्याआधी टोक तोंडात धरायची, आणि तिच्या गालात नेहमी लवंग असायची.

"वहिनी, तुले कायचा वास येते?"

प्रेरणानं वाकून हुंगलं. "कापडाचा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, दाराकडे पाहत, "मला नका विचारू, ताई."

मयुरीनं नखानं गाठ चाचपली. ती बारीक होती आणि दगडासारखी बसली होती. तिनं टोक ओढलं. गाठ आणखी आवळली. लहानपणी परकराच्या नाडीला अशीच गाठ बसायची आणि ती रडत मायकडे जायची. माय काम सोडायची नाही. एका हातानं पोळी उलटत दुसऱ्या हातानं दाखवायची. वढू नको. वढली का ते भेते अन आवळून बसते. तिले मागं लोट, आली तशी जाते.

तिनं दोरा मागं लोटला. नुसता, कणभर. पुन्हा कणभर. तिला माहीत होतं की आपण काय सोडवतो आहोत. मार्चमध्ये हे टाके नव्हते. कुणीतरी बंद कपाटात, अंधारात, आपल्यासाठी बसून ते घातले होते, आणि ते उसवायला आपलीच बोटं लागली होती. मायनं उभ्या आयुष्यात तिच्या हातून काही उसवून घेतलं नव्हतं.

"माय," ती हळूच म्हणाली, "अजून नाही झालं वं. तू लवकर आली."

गाठ सुटली. सुटताना तिला काही जोर लागला नाही. शेवटचे चार-पाच टाके आपल्याआप ढिले झाले आणि दोरा तिच्या तळहातावर आला.

कळ पाठीतून आली. आधीच्यांसारखी नव्हती; तिला सुरुवातच नव्हती, ती एकदम मधूनच होती. मयुरीच्या तोंडून असा आवाज निघाला की वैष्णवी बाहेरून धावत आली. डॉक्टरबाई आल्या, हातमोजे चढवत, एका नजरेत सगळं पाहून म्हणाल्या, "अरे, हे तर आलंच की. कोण म्हणत होतं सीझर?" आणि मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. जोर लावा. थांबा. श्वास घ्या. परत. प्रेरणाचं मनगट मयुरीनं इतकं दाबलं की तिच्या बांगडीचा तुकडा गादीवर पडला. शरीर तिचं राहिलं नव्हतं. ते एक दार होतं आणि कुणीतरी आतून खांदा लावला होता.

शेवटच्या जोराला तिला तो आवाज आला. कानाशी, अगदी जवळ. दातानं दोरा तोडल्याचा, बारीक, टक् असा.

मग बाळ रडलं.

"मुलगी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छान आहे. रडू दे."

"नाळ कापली?" मयुरीनं विचारलं.

"कापायचीय अजून. का?"

"मले आवाज आला."

वैष्णवी कात्री घेऊन उभी होती. तिनं प्रेरणाकडे पाहिलं. प्रेरणानं मान खाली घातली. त्याच वेळी लाइन आली आणि कूलर घरघरू लागला.

दुसऱ्या खोलीत हलवल्यावर सगळे आत आले. केसरबाईंनी बाळ घेतलं, नाक पाहिलं, "आमच्या कुलदीपचं," म्हणाल्या, आणि कुणी नाही म्हणायच्या आत बाळ तानुबाईंच्या हातात दिलं. ते देणं सगळ्यांनी पाहिलं.

"आता हे," आत्यानं उशाशी पडलेल्या गोधडीकडे बोट केलं. "पोर रडलं. ओळ पुरी कराची राह्यली."

"तुम्हीच करा, ईनबाई. तुमची रीत आहे."

"माहं काम नाही. हे आईच्या आईचं काम." आत्यानं बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि आवाज उतरवला. "म्या म्हंतो, राहू द्या उघडी. घरी नेऊ, सुई टोचून कपाटात ठेवू. एकदा आली, पुन्हा येईन. आता पोर बी झालं. करीन पुरी, अन जाईन सुखानं."

केसरबाईंनी पदर ओढून घेतला. पण बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मयुरीला नजर वळवावी लागली. त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला होता. चावीच्या खिशावर.

किती सोपं होतं. एक ओळ उघडी ठेवायची. बाबा रोज रात्री कपाटाशी कान देतील. ती स्वतः डोणगावला जायचं पुढं ढकलत राहील, आज नाही, या आठवड्यात नाही. आणि माय, जिला एका जागी बसून काम पुरं करायची सवय, ती त्या अर्ध्या ओळीसाठी उठून येत राहील. येताना कुठून येते, कशी येते, तिला किती कष्ट पडतात, हे कुणी विचारणार नाही.

बाळानं आत्याच्या हातात तोंड वेडंवाकडं केलं. दूध मागत होतं.

"सुई आहे कोनाजवळ?" मयुरीनं विचारलं.

आत्या बघत राहिली. प्रेरणानं रिकामे हात दाखवले. मग केसरबाईंनी कमरेची बटवी सोडली आणि तिच्यातून कापसात खोचलेली सुई काढून मयुरीच्या हातात ठेवली. "घे," त्या म्हणाल्या. "जपून. टोचून घेशीन."

मयुरी उशीला टेकून बसली. दोरा सुईत जायला वेळ लागला. ती उजव्या हाताची होती, त्यामुळे मायच्या दिशेनं टाके घालताना मनगट वळवावं लागलं, आणि टाके लहान-मोठे आले. कुणीही पाहून सांगितलं असतं की इथून पुढं हात बदलला. उजव्या कोपऱ्याशी आल्यावर तिनं गाठ मारली, दोनदा. मग वाकून दोरा दातानं तोडला. जिभेवर सुताची चव आली. लवंग नव्हती.

तिनं बाळ घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि पदराखाली घेतलं. आत्या डोळे पुसत बाहेर गेली. तिच्यामागे केसरबाई, तिला जिना उतरायला हात द्यायला.

प्रेरणाही गेली; बाबा उरले. ते पलंगाशी आले. बाळाचं तोंड त्यांनी पाहिलं, पण त्यांचा हात गोधडीच्या कोपऱ्याकडे गेला. त्यांनी गाठ शोधली. दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

"ओलं आहे, मयू," ते म्हणाले.

"मी तोडला, बाबा. दातानं. आत्ता."

त्यांनी टोक सोडलं नाही. बाळाच्या दूध पिण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, हात मागं घेतला आणि ती दोन बोटं कुठंही न पुसता तशीच मुठीत मिटली.